मदरच्या कबरीवरचे वाल

मदर रुफिनाच्या कबरीवर आम्ही वाल वाळत घातले, तेव्हा मिंगेल काकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"काका, नीट पसर," मी म्हटलं. "असा मधोमध ढीग केलास तर मुद्दाम केल्यासारखं दिसेल."

"मुद्दामच करतोय ना आपण?"

"हो, पण दिसायला नको."

त्याने पालथ्या हाताने डोळे पुसले आणि वाल पसरले. साठीचा माणूस, आमच्या उंबरभाटच्या देवळाची घंटा तीस वर्षं वाजवणारा. बायको मरणाच्या दारातून परत आली ती मदरच्या कृपेने, असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. आज त्याच मदरच्या छातीवर तो वाल पसरत होता. कबरीच्या क्रुसाला त्याने स्वतःची बकरी बांधली होती. ती कल्पना त्याचीच.

हे काय चाललं होतं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल वसईची माणसं वेडी आहेत. तशी आम्ही थोडीफार आहोत, पण त्या दिवशी कारण होतं.

मदर रुफिना आमच्याच गावची. लोकांनी टाकून दिलेली तान्ही पोरं उचलून आणायची, वाढवायची, हे तिने एकटीने सुरू केलं. मग चार बायका हाताशी आल्या, आणि त्यातून 'आश्रय भगिनी' हा सिस्टरांचा संघ उभा राहिला. साथीच्या दिवसांत, जिथे बापईमाणसं जायला धजत नव्हती तिथे ही बाई रात्रीबेरात्री जायची आणि पदराखाली पोर घेऊन यायची. ती वारली त्याला तेव्हा एकेचाळीस वर्षं झाली होती. आता तिला संतपद मिळावं म्हणून बिशपांनी चौकशी आयोग नेमला होता, आणि आयोगाचे फादर वालेंत त्या गुरुवारी पाच वाजता कबर पाहायला येणार होते. मी गावच्या मराठी शाळेत मास्तर. अक्षर बरं म्हणून आयोगाचा लेखनिक म्हणून माझीच नेमणूक झाली. जे पाहीन आणि ऐकीन तेच लिहीन, अशी बायबलवर हात ठेवून मी रविवारी शपथ घेतली होती. शपथेला चार दिवस झाले नाहीत तोवर माझ्या हातात वालाचं सूप होतं.

त्याचं असं आहे. कोणाला संत ठरवायचं ते रोम ठरवणार. रोमने ठरवण्याआधी लोकांनीच परस्पर त्या माणसाची जाहीर पूजा सुरू केली असेल, कबरीवर नवसाच्या वस्तू, मेणबत्त्या, तसबिरीत डोक्यामागे तेजाचं वलय, असलं काही आढळलं, तर प्रकरण तिथेच अडकतं. म्हणून आयोगाचा माणूस येऊन कबर बघतो आणि लिहून देतो, की इथे हिची भक्ती कोणी करत नाही.

आणि आमच्याकडे तर एकेचाळीस वर्षं दुसरं काहीच चाललं नव्हतं. कबरीवर मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं यांची रास लागलेली. ज्याचा जो अवयव दुखेल त्याच्या आकाराची मेणबत्ती तो आणून ठेवणार, बरं वाटलं की आणखी एक ठेवणार. एकाने तर खास सांगून मूत्रपिंड करवून आणलं होतं.

रविवारच्या मिस्साला आमचे धर्मगुरू फादर रेमी वेदीवरून बोलले. गरीब स्वभावाचे, लवकर घाम फुटणारे गृहस्थ. म्हणाले, "आजपासून गुरुवारच्या रात्रीपर्यंत मदरवर कोणीही भक्ती करायची नाही. प्रेम असेल तर घरी करा. कबरीजवळून जाताना मान वळवू नका. पाहुण्यांनी विचारलं तर फार उत्साह दाखवू नका." मग कपाळ पुसून म्हणाले, "हे सगळं मदरसाठीच आहे, हे ध्यानात ठेवा."

आता आमच्या लोकांना कुठलीही गोष्ट बेताने करता येत नाही. मेणाचे सगळे हातपाय पोत्यांत भरून मिंगेल काकाच्या खुराड्यात गेले, आणि त्याची एक कोंबडी दोन दिवस मेणाच्या बाळावर खुडुक बसली. कबरीमागच्या भिंतीवर मदरचं रंगवलेलं चित्र होतं. त्यातलं सोनेरी वलय ब्लेडने खरवडलं तर भिंतीला खड्डा पडला, म्हणून त्यावर गवती टोपी रंगवली. मदर वाडीत केळी तोडायला निघाल्यासारखी दिसू लागली. संघाच्या मुख्य सिस्टर ओदिला मदरचं नाव निघालं तरी उठून उभ्या राहायच्या. त्या आरशासमोर बसून 'ती बाई' असं म्हणायचा सराव करत होत्या.

सगळा गाव तयार होता. प्रश्न एकच होता, कात्रीन मावशीचा.

कात्रीन मावशी हे मदरने उचलून आणलेल्या पोरांपैकी शेवटचं गावात राहिलेलं पोर. पोर म्हणजे तेव्हा एकोणसाठ वर्षांची. आमच्या पडवीला लागून तिची खोली. आई आजारी असायची, त्यामुळे मी निम्मा तिच्या हातचं खाऊन वाढलो. मदर गेल्यापासून रोज दिवेलागणीला मावशी कंदील घेऊन कबरीशी जायची, कंदील ठेवायची, थोडा वेळ पुटपुटायची आणि यायची. वादळ झालं तेव्हाही गेली. विषमज्वरात पडली तेव्हा माझ्या आईला पाठवलं. एकेचाळीस वर्षांत एक संध्याकाळ चुकली नव्हती. आणि गुरुवारी संध्याकाळी कबरीवर दिवा दिसला असता, तर सगळं मुसळ केरात.

फादर रेमींनी मला बाजूला घेतलं. "इनास, ती तुझं ऐकते. एक दिवस. फक्त एक."

दुपारी मी गेलो तर मावशी राखेने कंदिलाची काच घासत होती.

"मावशी, आजच्या दिवस राहू दे."

"काय राहू दे?"

"दिवा. ते फादर येणार आहेत. दिवा दिसला तर म्हणतील, इथे पूजा चालते. मग मदर संत व्हायची नाही."

"नाही झाली तर?"

चार दिवसांत हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. "अगं, सगळ्या गावाचं स्वप्न आहे," मी म्हटलं.

"गावाने बघावं. मी तिला शब्द दिलाय. मरताना माझा हात धरून मागितलाय तिने."

"कशासाठी पण?"

"ते तिचं-माझं आहे." तिने काच उजेडात धरून पाहिली. "तू तिला जाऊन सांग बघू, आज एक दिवस दिवा नाही म्हणून. तुझ्याने सांगवतं का बघ."

मग ती बावखलावर पाणी आणायला गेली. आमच्याकडे प्रत्येक वाडीत असं गोड्या पाण्याचं तळं असतं, जाऊन यायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्या दहा मिनिटांत मी कंदील उचलला, रॉकेलची बाटली उचलली, चुलीपाशी होती ती काडेपेटीसुद्धा उचलली, आणि शाळेच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांखाली नेऊन ठेवलं. कपाटाला कुलूप लावलं. आजही ते लिहिताना मला लाज वाटते. गावात कोणी मावशीला दिवा द्यायचा नाही, हे मिंगेल काका आधीच घरोघर सांगून आला होता.

पाच वाजता फादर वालेंत आले. पुण्याहून आले होते. उंच, हडकुळे, जाड चष्मा, बोलणं मोजकं. त्यांनी कबर पाहिली. वाल पाहिले, बकरी पाहिली, गवती टोपीतली मदर पाहिली. कबरीच्या कठड्यावर चार जण पत्ते कुटत बसले होते, त्यांच्यात मिंगेल काका.

"इथे कोणाला पुरलंय?" फादरांनी विचारलं.

मिंगेल काकाने पत्त्यांतून मान वर केली नाही. "कोण जाणे. कुणीतरी बाई असेल."

"नाव?"

"काहीतरी होतं खरं," दुसरा म्हणाला. "माझी पानं बघू नका, फादर."

फादर वालेंत सिस्टर ओदिलांकडे वळले. "सिस्टर, तुमच्या संघाची संस्थापिका ना ही?"

सिस्टर ओदिलांचा चेहरा पांढराफटक पडला. "ती बाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरकला, "ती बाई स्वभावाने बरी होती, असं ऐकलंय."

"लिहा, मास्तर," फादर मला म्हणाले. "कबरीवर वाल आढळले."

"किती म्हणून लिहू?" शपथ आठवून मी विचारलं.

"किती आहेत?"

"दोन पायली असतील."

"दोन पायली लिहा. एक बकरी. चार खेळाडू." मग त्यांनी वाटेत भेटेल त्याला विचारलं. एकाने मदर रुफिना ही परगावची असल्याचं सांगितलं. एका म्हातारीने तर असं कोणी झालंच नसल्याचं शपथेवर सांगितलं, आणि साथीत त्या म्हातारीची शुश्रूषा मदरनेच केली होती. मी हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहीत होतो. फादर रेमी माझ्या मागे उभे राहून समाधानाने मान हलवत होते.

तासाभराने फादर वालेंत सिमेंटच्या बाकावर बसले. सिगारेट पेटवली. चष्मा काढून डोळे चोळले.

"फादर रेमी, इथे भक्ती होत नाही, हे सिद्ध झालं. इतकं लख्ख सिद्ध झालेलं मी आजवर कुठे पाहिलं नाही."

फादर रेमींनी क्रुसाची खूण केली.

"पण अट दुसरीही आहे. लोकांच्या मनात ही बाई पवित्र होती, अशी कीर्ती हवी. जुनी, आपोआप पसरलेली. पूजा नको, पण आठवण हवी. इथे तर हिचं नावही कोणाला ठाऊक नाही. ज्या बाईच्या कबरीला बकरी बांधतात तिला संत करा, असं मी कोणत्या तोंडाने कळवू? उद्या लिहून टाकतो. प्रकरण बंद."

मग मिंगेल काकाच्या हातातले पत्ते वालांवर पडले.

"बंद?" तो म्हणाला. "कसं बंद? माझ्या बायकोचं काय मग?" आणि तो घराकडे पळत सुटला. साठीचा माणूस, पण काय पळाला. त्याच्या मागे बाकीचे तिघे. पाच मिनिटांत खुराड्यातली पोती आली आणि कबरीवर हातापायांचा पाऊस सुरू झाला. बातमी वाडीवाडीत गेली. बायका हार घेऊन आल्या, कोणी घरातल्या तसबिरी आणल्या, त्यांना सगळ्यांना वलयं होती. मूत्रपिंडवाला मूत्रपिंड दोन्ही हातांत उंच धरून आला. ती शपथेवाली म्हातारी फादरांच्या पायाशी बसून म्हणाली, "मी खोटं बोलले, फादर, आता खरं लिहा." सिस्टर ओदिला गुडघ्यांवर कोसळल्या होत्या आणि "माय, मी तुला बाई म्हटलं," म्हणून हुंदके देत होत्या. बकरी एका हारातला झेंडू खात होती.

फादर वालेंतांची सिगारेट बोटांत तशीच जळत राहिली. "आता," ते अगदी हळू म्हणाले, "मी काय लिहू?"

फादर रेमी मटकन खाली बसले. तासाभरापूर्वी मदरला कोणी ओळखत नव्हतं म्हणून ती संत होणार नव्हती, आणि आता सगळे ओळखत होते म्हणून होणार नव्हती. दोन्ही बाजूंनी आम्हीच तिला अडवून ठेवलं होतं.

तेवढ्यात कात्रीन मावशी फाटकातून आत आली.

दिवेलागण झाली होती. ती रिकाम्या हातांनी आली होती. लाल लुगडं, पदर घट्ट खोवलेला. गावभर दिवा मागत फिरली असणार, कारण पाय धुळीने भरले होते. तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग ती कबरीशी गेली, मेणाच्या ढिगात हात घातला, दोन-तीन वस्तू उलटसुलट करून बघितल्या आणि एक पाय निवडला. डावा पाय होता. घोट्याच्या वर वात होती.

"काडेपेटी कोणाकडे आहे?"

फादर रेमी आभाळाकडे बघू लागले. मावशी सरळ सिगारेटवाल्या माणसाकडे गेली.

"फादर, काडेपेटी द्या. उशीर झालाय."

फादर वालेंतांनी खिशातून काडेपेटी काढून दिली. मला वाटतं, त्यांना आपण काय करतोय ते कळायच्या आत दिली. मावशीने हाताने वाल बाजूला सारले, पाय ठेवला. पायच असल्यामुळे तो छान उभा राहिला. तिने वात पेटवली आणि खाली वाकून म्हणाली, "आले गं. आज जरा गर्दी आहे."

फादर वालेंत उठून तिच्याजवळ गेले. "बाई, रोज लावता?"

"रोज."

"काय मागता हिच्याकडे?"

"मी मागू? तिच्याकडे काय आहे द्यायला? मागितलंय तिने."

"काय मागितलंय?"

मावशीने एकवार आमच्याकडे बघितलं. सांगू की नको, असं तिला झालेलं दिसत होतं. मग ती म्हणाली, "तिला अंधाराची भीती वाटायची."

"पण ती तर रात्री एकटी फिरायची ना?" फादर रेमी म्हणाले. सिस्टर ओदिलांचा हुंदका अर्ध्यात थांबला. रात्री एकटी फिरणारी मदर, शूर मदर, शाळेतल्या पोरांना आम्ही शिकवायचो ती मदर.

"एकटी कुठली," मावशी म्हणाली. "मला न्यायची. मी सात वर्षांची असेन. माझा हात असा धरायची की बोटं दुखायची. दात वाजायचे तिचे. म्हणायची, कात्रीन, बोलत राहा, काहीही बोल, थांबू नकोस. मी आपली कोंबड्यांचं, बावखलातल्या बेडकांचं सांगत राहायची. परत आलो की घामाने भिजलेली असायची. कोणाला सांगू नकोस म्हणायची, नाहीतर बाकीच्या बायका घाबरतील." तिने वाऱ्याकडे पाठ करून ज्योत आडोशाला घेतली. "मरताना म्हणाली, कात्रीन, मातीत फार अंधार असेल गं. मला सवय होईपर्यंत संध्याकाळी दिवा लाव. अजून तरी तिने सवय झाली म्हणून सांगितलेलं नाही."

फादर वालेंतांनी विचारलं, "आणि ते पुटपुटता ते काय?"

"देवाला सांगते, हिला माफ कर म्हणून. फार खोटं बोलायची. घरात एकोणीस पोरं असली तर बिशपांना सहा सांगायची."

"म्हणजे तुम्ही हिची प्रार्थना करत नाही. हिच्यासाठी करता."

"मग? तिची कोण करणार? तिला कोण आहे माझ्याशिवाय?"

फादर त्या मेणाच्या पायाकडे बघत म्हणाले, "एक सांगा. ही बाई पवित्र होती, असं तुम्हाला वाटतं?"

"ते मला काय कळतं, फादर. एवढी भित्री बाई, आणि तरी रोज रात्री दार उघडून बाहेर पडायची. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही ठरवा."

फादर वालेंत माझ्याकडे आले. "लिहा, मास्तर. दिवेलागणीला कबरीवर एक दिवा आढळला. तो भक्तीचा नाही. सोबतीचा आहे."

मी वहीवरून मान वर केली. "फादर, दिवा लिहू की पाय?"

त्यांनी विचार केला. "दिवा."

"आणि हा बाकीचा ढीग?" फादर रेमींनी घाबरत विचारलं.

"कबर पाहण्याची माझी वेळ पाचची होती. पाचला वाल होते. ते लिहून झालंय," फादर वालेंत म्हणाले, आणि पाठ फिरवून चष्मा पुसू लागले. ढीग उचलून होईपर्यंत पुसत होते. मग बाकावर बसून त्यांनी एकेकाला बोलावलं आणि मदर कशी होती ते नव्याने विचारलं. या वेळी सगळे खरं बोलले. मिंगेल काका तर इतकं बोलला की त्याला थांबवावं लागलं.

मदर धन्यवादित जाहीर झाली, ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. संतपदाच्या एक पायरी अलीकडची. तिची हाडं कबरीतून काढून देवळात वेदीखाली ठेवली, वर काच, भोवती विजेचे दिवे. नवे धर्मगुरू मावशीला समजवायला आले, की आता तिच्यासाठी प्रार्थना करायची नाही, आता तिच्याकडे मागायचं. मावशी सत्त्याऐंशीची होती, खाटेवरून उठवत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "देऊळ बंद करताना दिवे मालवता का?"

"हो, आठ वाजता," ते म्हणाले.

ते गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. "इनास, माझा कंदील आण."

"तो काय, खुंटीला आहे."

"तो नवा. माझा आण. शाळेच्या कपाटात, नकाशांखाली आहे तो."

अठ्ठावीस वर्षं तो तिथेच होता. त्या दिवशी रात्रीच परत करायचा असं मी ठरवलं होतं. मग दुसऱ्या दिवशी मावशीने नवा कंदील आणला, आणि माझं तोंडच उघडेना. नंतर नंतर कपाट उघडायचंही मी टाळू लागलो.

"तुला माहीत होतं?"

"घरात दुसरं कोण आलं होतं त्या दुपारी? आणि नकाशे काढणारी पोरं गप्प बसतात होय?"

"मग मागितला का नाहीस कधी?"

"तू आणून देशील म्हणून वाट बघत होते," ती म्हणाली.

मी तसाच उठून शाळेत गेलो. मी निवृत्त झालो होतो तरी कपाटाची किल्ली अजून माझ्याकडेच होती. कंदील काढला, काच राखेने घासली. देवळाच्या मागच्या भिंतीला, वेदीच्या अंगाला एक छोटी खिडकी आहे. तिच्या फळीवर ठेवून पेटवला. परत येऊन मावशीला सांगितलं. तिने विचारलं, "बोललास का काही तिच्याशी?" मी म्हटलं, नाही. "नुसता दिवा पुरत नाही तिला," मावशी म्हणाली. आठवड्याने ती गेली.

त्यालाही आता वीसेक वर्षं झाली. रोज आठ वाजता देऊळ बंद झालं की मी कंदील घेऊन त्या खिडकीशी जातो. लोक म्हणतात, मास्तर म्हातारपणी फार भक्त झाले. मी त्यांना काही सांगत नाही. खिडकीच्या फळीवर कंदील ठेवतो आणि आत तोंड करून म्हणतो, "आलो गं माय. मी इनास, कात्रीनकडचा." मग कोणाच्या कोंबडीने किती पिल्लं काढली, बावखलात बेडूक ओरडायला लागले की नाही, असं जे सुचेल ते सांगत बसतो.